पेडगावहून आणलेला डोळा

कंदिलाची वात जरा खाली करा, धूर धरतोय. आणि तो दाराशी बसलाय ना दात काढत, त्यानं आत सरकून बसावं. मग मध्येच पाण्याला जायचंय म्हणून सोबत मागायची नाही. भूत मी पाहिलेलं नाही. पाहिलंय म्हणणारे शंभर भेटले, त्यातले नव्व्याण्णव शिंदी पिऊन आलेले. उरला एक, तो वैजीनाथ. त्यानं उभ्या जन्मात चहापलीकडे काही तोंडाला लावलं नाही, आणि खोटं बोलला तो एकाच घरच्या माणसांशी. त्या खोट्याचंच सांगतो.

परभणीला स्टेशनाजवळ तेव्हा डोळ्यांचा एक खाजगी दवाखाना होता. आता नाही, शोधायला जाऊ नका. दिनकरराव डॉक्टरांनी तो काढला होता. मद्रासकडे शिकून आलेला माणूस, बायकापोरं नाहीत, डोक्यात एकच वेड. आपल्याकडे गावोगाव डोळ्यांत फूल पडलेली माणसं. कुणाला देवी येऊन गेलेल्या, कुणाला खुपऱ्या, कुणाला पिकात काम करताना पातं लागलेलं. बुबुळावरची काच पांढरी होते. मागचा डोळा धडधाकट असतो, पण खिडकीलाच चुना फासल्यावर उजेड येणार कुठून? डॉक्टर म्हणायचे, मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरची काच काढून जिवंत माणसाला बसवता येते. मागच्या खोलीत त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला होता, पिंजऱ्यात सहा ससे पाळले होते. आधी सशांवर करून पाहिलं, मग माणसांवर.

सात माणसांना काच बसवली. कुणाची आठ दिवस साफ राहिली, कुणाची पंधरा. डॉक्टर रोज सकाळी डोळा तपासून वहीत एकच शब्द लिहायचे. साफ. साफ. धुरकट. गेला. सातही माणसांच्या पानावर शेवटचा शब्द तोच होता.

वैजीनाथ या दवाखान्यात कंपाउंडर. पट्ट्या बांधायच्या, सशांना गवत घालायचं, आणि ज्यानं मेल्यावर डोळे द्यायचे म्हणून अंगठा दिला असेल त्याच्या घरी सहा तासांच्या आत पोचून डोळे काढून आणायचे. लोक त्याला पाठीमागं 'डोळेकाढ्या' म्हणत, आणि लगीनघरी तो आला की बायका पदर पुढं ओढत. त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याला वाटायचं ते एकाच गोष्टीचं. देवीच्या साथीत त्याची बायको सारजा गेली आणि तीन वर्षांच्या छबूचे दोन्ही डोळे गेले. डावा सुकून आत गेला. उजव्यात फूल पडलं. पोर आता सात वर्षांची झाली होती, भिंतीला हात लावत चालायची, आणि आईचं तोंड कसं होतं हे बापाला रोज विचारायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "वैजीनाथ, पुढचा चांगला डोळा छबूचा. पण एकदाच. तिचा डोळा दुसऱ्यांदा कापून घेणार नाही." झालं, त्या दिवसापासून वैजीनाथ कुणाच्या मरणाची वाट बघायला लागला. हे त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून.

अठ्ठावन्न साल. पौष वद्य चतुर्दशी, शनिवार, संक्रांत होऊन चार दिवस झालेले. दिवे लागल्यावर पेडगावचा एक गडी सायकल मारत आला. कडूबाई गेली म्हणाला.

कडूबाईला वैजीनाथ ओळखत होता. मागल्या उन्हाळ्यात गाईचं शिंग लागून तिची पापणी फाटली होती. डॉक्टरांनी ती शिवून डोळा वाचवला. जाताना म्हातारीनं आपण होऊन अंगठा दिला. म्हणाली, "जाळून काय करायचं बाबा डोळ्याला? माझ्या मागं घ्या. पर आदी मला माझ्या आश्रुबाला बघू द्या, मंग न्या." आश्रुबा तिचा एकुलता एक. दिवाळी झाली की नगरकडं कारखान्याला ऊस तोडायला जायचा, होळीला परत यायचा. घरात तिला दुसरं कुणी नव्हतं.

वैजीनाथनं सोडावाटरच्या दुकानातून बर्फ घेतला, थर्मासात भरला, कात्र्या-चिमटे पिशवीत घातले, सायकलचा दिवा लावला आणि निघाला. पाथरीकडच्या रस्त्यानं सात-आठ मैल. थंडी मरणाची. पेडगावात पोचला तेव्हा नऊ वाजायला आले होते.

घरात दहा-बारा माणसं बसलेली, पण रडत कुणी नव्हतं. सगळे मयताकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. वैजीनाथ आत गेला तेव्हा त्याला कळलं. कडूबाईचे डोळे टक्क उघडे होते, आणि दाराकडे लागलेले होते.

कडूबाईचा दीर सटवाजी कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "तीनदा हात फिरवला कंपाउंडर, मिटंनात. जीव लेकात अडकलाय तिचा. तार केलीय कारखान्याला. उद्या दुपारपस्तोर येईल त्यो. त्याचं तोंड बघू द्या, मंग काय न्यायचं ते न्या."

"उद्या न्हाई चालत दादा. आन् उघडा डोळा सुकतो. सुकला की मातीच."

"मंग माती होऊ द्या. तिचा शब्द हाय तसा. आमी मोडणार न्हाई."

वैजीनाथ खाली बसला. दिव्याच्या उजेडात त्यानं ते डोळे पाहिले. साठीतल्या बाईचे, पण काच अशी स्वच्छ की दिव्याची ज्योत तिच्यात उभी दिसावी. कडेला जरा कोरडी पडायला लागली होती. अर्धा तास, फार तर तास. त्याच्या डोळ्यांसमोर छबू उभी राहिली, भिंतीला हात लावून.

तुम्हाला ती रीत ठाऊक आहे. मेलेल्याचे डोळे उघडे राहिले, तर ज्याच्यात जीव अडकलाय त्यानं येऊन कानात सांगायचं, मी आलो. मग डोळे मिटतात. मिटले की म्हणायचं, सुटली. वैजीनाथलाही ती ठाऊक होती. इतक्या घरी जाऊन आलेला माणूस.

तो सटवाजीला म्हणाला, "मला जरा थेंब टाकून बघू द्या. समदे भाईर बसा घडीभर."

माणसं बाहेर गेली. दार लोटलं गेलं. वैजीनाथ गुडघ्यांवर टेकला, कडूबाईच्या कानाशी तोंड नेलं, आणि हळू आवाजात म्हणाला:

"माय... मी आश्रुबा. आलो बग."

त्यानं हात लावला नव्हता. हे तो मला शपथेवर सांगायचा. त्यानं हात लावला नव्हता, आणि पापण्या खाली आल्या. हळूहळू, दमलेलं माणूस डोळे मिटतं तशा.

त्यानं दार उघडलं. बायांनी बघितलं आणि मग कुठं रडण्याचा हंबरडा फुटला. सटवाजीनं डोळे पुसले. "सुटली बिचारी. वाट बघायचं सोडलं तिनं. घ्या कंपाउंडर, आता तिची ना न्हाई."

सगळे पुन्हा बाहेर गेले. नुकत्याच मिटलेल्या त्या पापण्या वैजीनाथनं आपल्या बोटांनी उघडल्या, दोन्ही डोळे काढले, ओल्या फडक्यावर दोन बाटल्यांत ठेवले आणि बाटल्या थर्मासात. आत कापसाचे बोळे बसवून पापण्या नीट मिटवल्या. काम त्याचं साफ असायचं, शिंग लागलेल्या शिवणीशिवाय कुणाला काही दिसलं नसतं. तिच्या पायाला हात लावून तो निघाला. तेव्हा दहा वाजून गेले होते.

गाव मागं पडलं. दोन्हीकडं उभी ज्वारी. अमावास्येची आदली रात्र, सायकलच्या दिव्यापुढं चार हात रस्ता दिसायचा तेवढाच. थर्मास हँडलला लटकलेला. वैजीनाथच्या मनात छबूशिवाय काही नव्हतं. उद्या सकाळी डॉक्टर काच बसवतील, मग पट्टी, मग पंधरा दिवस. हिशेब करतच तो पायडल मारत होता.

मैलभर गेल्यावर मागं पावलं वाजली.

अनवाणी पावलं. त्याला वाटलं, शेतातला कुणी राखण्या असेल. पण पावलं नीट पडत नव्हती. एक पडायचं, थांबायचं... दुसरं घसटत यायचं. दगड लागल्याचा आवाज यायचा. परत एक पाऊल. आंधळं माणूस नवख्या वाटेनं चालतं तशी.

तो थांबला. पावलं थांबली.

"कोण हाय?"

काही नाही. ज्वारीसुद्धा हलली नाही.

तो चालवायला लागला. पावलं निघाली. त्यानं जोर केला, तरी अंतर तेवढंच. ठेचकाळत, धडपडत, पण तेवढंच. परभणीचे दिवे दिसेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी छबूच्या उजव्या डोळ्याला काच बसवली. कडूबाईचा दुसरा डोळा त्यांनी मागच्या खोलीत तपासणीला घेतला. आधीच्या सात काचा का गेल्या याचं उत्तर त्यांना त्यात शोधायचं होतं. छबूच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी. मान हलवायची नाही म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. वैजीनाथनं तिच्या खाटेशेजारी खाली घोंगडं अंथरलं. खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

त्याच रात्री, दोनचा ठोका पडल्यावर, त्याला जाग आली.

कुणीतरी भिंत चाचपत होतं. कोरड्या हाताचा चुन्यावर घासल्याचा आवाज. मग दाराची चौकट. मग औषधाचं टेबल, त्यावरची वाटी जरा सरकली. मग खाटेचा गज. मग...

त्याच्या कपाळाला बोटं लागली.

थंड बोटं. खरखरीत, शेतात राबलेली. कपाळावरून भुवयांवर आली. नाकावरून खाली. मिशीवर थांबली. अंधारात काही दिसत नव्हतं. पण राख आणि ओल्या लुगड्याचा वास येत होता.

"आश्रुबा?"

आवाज विचारणारा होता. रागाचा नव्हता. वैजीनाथ म्हणायचा, रागाचा असता तर बरं झालं असतं.

त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय माय. मीच."

बोटं गालावर आली. गाल कुरवाळला. आणि मग अंधारात, अगदी जवळ, दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या बाया लेकराची अलाबला घेताना मोडतात ना, तसा. कड... कड... कड. मग पावलं भिंतीच्या कडेनं गेली.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टर सकाळी पट्टी सोडून डोळा बघायला लागले होते. वहीत लिहिलं, साफ. वैजीनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अशी काच मी मद्रासलाही पाहिली नाही रे."

चौथ्या रात्री त्याचा धीर सुटला. जिवंत माणूस तो, किती सोसणार? त्यानं घोंगडं डोक्यावरून ओढलं, दात आवळले. बोटं आली. घोंगड्यावरून फिरली.

"आश्रुबा?"

तो गप्प.

"आश्रुबा?"

गप्प.

बोटं उचलली गेली. मग खाटेवरून छबूचा झोपाळलेला आवाज आला.

"आबा... माझ्या तोंडाला कोण हात लावायलंय?"

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. काचेवर धुकं धरलं होतं. वहीत लिहिलं, धुरकट. आधीच्या सात जणांत धुरकटच्या पुढचा शब्द एकच होता. वैजीनाथनं वही पाहिली आणि त्याला सगळं समजलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री तो घोंगडं बाजूला टाकून बसूनच राहिला. बोटं आली तशी त्यानं तोंड पुढं केलं. "व्हय माय. मीच हाय. आश्रुबा. कुठं जात न्हाई मी." बोटांनी त्याचा चेहरा ओंजळीत धरला. सकाळी काच साफ. डॉक्टर तीनदा तपासून म्हणाले, असं होत नसतं. धुकं आलं की परत फिरत नाही. त्यांनी लिहिलं मात्र, साफ, आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं डॉक्टरांना सांगायचं होतं. सांगून काय करणार? त्यानं मनाशी ठरवून टाकलं. रोज रात्री दोन वाजता जागं व्हायचं आणि एका म्हातारीचा लेक व्हायचं. एवढ्यावर पोरीचा डोळा राहत असेल, तर जन्मभर तयारी होती त्याची. दिवसा तो पिंजून ठेवलेल्या कापसासारखा पांढरा दिसायचा, जेवण जात नव्हतं, हातापायांना ऊब म्हणून येत नव्हती. पण तो सुखात होता. त्या दिवसांत मला चौकात भेटला तर हसायचा, आणि त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी पुरी काढली. छबू आधी उजेडाला घाबरली. मग तिनं बापाकडे पाहिलं. बघतच राहिली.

"आबा, तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात की."

वैजीनाथ रडायला लागला, डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. छबूला ससे दाखवले. तिनं प्रत्येकाला हात न लावता नुसतं बघितलं, एक-दोन-तीन करत सहा मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. संध्याकाळी म्हणाली, "आता मायचा फोटू दाखव." सारजाचा फोटो कुणी काढलाच नव्हता. मग ती म्हणाली, राहू दे, तुझंच तोंड बघते.

पंधरा दिवस होत आले. शुक्रवारी, दिवस मावळायच्या वेळी, एक तरणा माणूस दवाखान्याच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. डोक्याचा गोटा केलेला, नवे केस नुकते फुटलेले. खांद्यावर वळकटी, तिच्यात खोवलेला कोयता.

"इथं वैजीनाथ कंपाउंडर कोण हाईत?"

वैजीनाथला नाव विचारायची गरज पडली नाही.

"मी पेडगावचा आश्रुबा. कडूबाईचा." त्यानं हात जोडले. "तुमच्यावर माझा राग न्हाई भाऊ. तिनंच दिले, तिच्या खुशीनं दिले. पर दहाव्याला कावळा शिवला न्हाई. दुपार कलली तरी शिवंना, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. लोक म्हणायलेत, तिची इच्छा राहिली. मला ठावं हाय काय राहिलं ते." त्यानं वळकटी खाली ठेवली. "तिचे डोळे एका पोरीला बसवलेत म्हणं. मला काय नगं. फकस्त त्या पोरीम्होरं एकडाव उभं राहू द्या. माय बगल मला. लगीच जातो."

किती साधं मागणं! देऊन टाकायला काय लागत होतं? पण वैजीनाथला एवढंच दिसत होतं, की खरा लेक आला. खऱ्याचा चेहरा म्हातारीच्या हाताला लागला, तर मग खोट्याचं काय उरतं?

तो म्हणाला, "इथं न्हाईत ते डोळे. हैदराबादला गेले तपासणीला."

आश्रुबानं वळकटी उचलली. मग म्हणाला, "बरं."

वैजीनाथनं त्याला चहा पाजला. स्वतः स्टेशनावर नेलं, मनमाडच्या गाडीत बसवलं, गाडी हलेपर्यंत डब्याचं दार धरून उभा राहिला. शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा दिसेनासा झाल्यावर त्यानं श्वास सोडला. लाज वाटली का, विचाराल तर वाटली. पण दवाखान्यात परतताना त्यानं छबूसाठी रेवड्या घेतल्या.

रात्री दोन वाजले. माघातलं चांदणं होतं, दवाखान्याच्या ओसरीवरून उंबऱ्यापर्यंत आलेलं. भिंत चाचपत बोटं आली. टेबल. गज. कपाळ.

"आश्रुबा?"

"व्हय माय. मीच."

बोटं गालावर आली. आणि तेवढ्यात बाहेर ओसरीवर कुणीतरी खोकललं.

बोटं थबकली.

वैजीनाथनं मान वळवली. उघड्या दारातून ओसरी दिसत होती. चांदण्यात वळकटी दिसत होती, वळकटीवर गोटा केलेलं डोकं. आश्रुबा. गाढ झोपलेला.

त्याच्या गालावरची बोटं सुटली.

"माय..." तो पुटपुटला. "मी हितं हाय माय..."

पावलं. एक... दुसरं घसटत. दाराकडं. तो उठला, धडपडत दारात गेला, दोन्ही हात पसरून उभा राहिला. "माय, नगं. माझी पोर... माय, ऐक..."

गारवा त्याच्या आरपार गेला. एवढाच. त्याला कुणी ढकललं नाही, कुणी रागावलं नाही.

तो वळला. ओसरीवर आश्रुबाशिवाय कुणी नव्हतं. आश्रुबाच्या अंगावरचं पांघरूण घसरलं होतं. ते वर सरकलं. हळूहळू. गळ्यापर्यंत.

वारा नव्हता.

बराच वेळ गेला. मग आवाज आला. कड... कड... कड... कड...

इतका वेळ तिनं वैजीनाथपाशी कधी बोटं मोडली नव्हती.

मग शांत झालं.

वैजीनाथ उंबऱ्यावर बसून राहिला. उजाडेपर्यंत. आत जायची त्याची हिंमत नव्हती.

सकाळी आश्रुबा उठला, डोळे चोळत ओशाळून म्हणाला, "माफ करा भाऊ. पेडगावला गाडी थांबली तसं उतरलो. का उतरलो मलाच ठावं न्हाई, पाय हिकडंच वळले. चालत आलो, तुमी झोपला व्हता म्हणून इथंच पडलो." आणि मग त्याचा चेहरा उजळला. "पर लय दिवसांनी झोप लागली बगा. माय उशाला बसल्यावानी वाटलं रातभर."

वैजीनाथला वाटलं, या माणसाला धरून आपटावं. आणि त्याच वेळी वाटलं, त्याच्या पाया पडावं. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. आश्रुबानं हात जोडले, वळकटी खांद्यावर टाकली आणि तो कारखान्याच्या वाटेला लागला. होळीला तो गावी परतला, पुढं लग्न झालं, सुखाचा संसार केला.

आतून छबूनं हाक मारली. ऊन खिडकीतून तिच्या खाटेवर पडलं होतं, तिच्या तोंडावरही.

"आबा, दिवा का विझवलास?"

डॉक्टर धावत आले. त्यांनी पापणी उघडली, आणि परत मिटली. काच दुधाची झाली होती, कडेपासून कडेपर्यंत. आठवडाभर त्यांनी थेंब टाकले, शेकलं, जे ठाऊक होतं ते केलं. छबू रोज विचारायची, आज दिसंल का? मग त्यांनी वही उघडली आणि आठव्यांदा तोच शब्द लिहिला. डोळ्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. दुसरी काच आता कधीच धरणार नव्हती. छबूला सात वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्याला काय नाही. त्याआधी ती आंधळी होती, पण रडत नव्हती. आता रात्र रात्र रडायची.

वैजीनाथ दोन वाजता जागाच असायचा. भिंत चाचपायला कुणी आलं नाही. त्यानं अंधारात हाका मारल्या. "माय, मीच हाय. मी आश्रुबा." कुणी आलं नाही. भुताला भिऊन लोक दारं लावतात. हा माणूस दार उघडं टाकून भुताची वाट बघत बसला, वर्षभर.

मेलेली काच डोळ्यात ठेवून उपयोग नसतो. डॉक्टरांनी ती कापून काढली, तपासणीसाठी फॉर्मलिनच्या बाटलीत टाकली आणि बाटली मागच्या खोलीत फळीवर ठेवली. फॉर्मलिनमध्ये शरीराचा कुठलाही तुकडा टाका, तो पांढरा पडतो, टणक होतो. डोळ्याचं तर हमखास. डॉक्टरांच्या फळीवर अशा चाळीस बाटल्या होत्या आणि चाळिसांतही भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे.

पुढं डॉक्टर खचले. ससे सोडून दिले, दवाखाना मोडला आणि दक्षिणेत निघून गेले. जाताना वैजीनाथला म्हणाले, फळीवरचं तुला हवं ते घेऊन जा. त्यानं ती एकच बाटली घरी आणली.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं ती माझ्या हातात दिली. म्हणाला, मास्तर, छापलेलं काहीतरी मागं धरा. मी पंचांग धरलं. बाटलीच्या तळाशी छबूच्या डोळ्यात दुधाची झालेली ती काच होती, नखाएवढी. पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ. तिच्यातून मी आजची तिथी वाचली.

छबू शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "आबा, काय बघायलात तुमी?"

तो म्हणाला, "काय न्हाई गं." आणि बाटली परत कोनाड्यात ठेवली.